केगमधून नुसता फेस येतो आणि खालची बिअर मिळमिळीत: दाब, तापमान आणि नळीचं गणित

काठोकाठ
१९ लिटरचा बॉल-लॉक केग (बिअरचं स्टीलचं पिंप), फ्रिजवर टॉवर (टॅपचा खांब) बसवून केलेला केगरेटर, एकच टॅप. फ्रिजचा आकडा ४ अंश सेल्सिअस दाखवतो. नळी ४.८ मिमी आतल्या व्यासाची, लांबी सव्वा मीटर. बिअर साधी पेल एल. गॅसच्या टाकीवरचा दाब ठरवणारा रेग्युलेटर ०.८ बारवर होता. फेस फार येतो म्हणून ०.३ वर आणला. पहिला ग्लास तीन चतुर्थांश फेस, दुसरा निम्मा. फेस बसला की खाली जी उरते तिच्यात गॅस नावालाच. दाब आणखी उतरवू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गेजमास्तर
अजिबात उतरवू नका. उलट आधी होता तिथे न्या.

फेस आला की हात पहिला रेग्युलेटरकडे जातो, आणि तिथेच सगळं बिघडतं. रेग्युलेटरचा दाब बिअर ढकलायला नसतो. तो बिअरमधला गॅस बिअरमध्येच धरून ठेवायला असतो. ढकलणं हे त्याचं वरकड काम. ४ अंशांवरच्या बिअरमध्ये २.५ व्हॉल्यूम सीओटू विरघळलेला राहायचा असेल तर वर ०.८२ बार लागतातच. (१ व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे साधारण २ ग्रॅम सीओटू. पेल एलला २.३ ते २.६ बरोबर बसतं.) तुम्ही दाब ०.३ केलात, म्हणजे विरघळलेल्या गॅसला बाहेर पडायची मोकळीक दिलीत. तो केगच्या डोक्यात जमतो आणि नळीतही सुटतो. नळीत बुडबुड्यांचे खंड तयार होतात आणि टॅप उघडला की तेच फेस होऊन येतात. म्हणून एकाच वेळी ग्लासात फेस जास्त आणि बिअरमध्ये गॅस कमी. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

२.५ व्हॉल्यूमसाठी समतोलाचा दाब असा: २ अंशांना ०.६९ बार, ४ ला ०.८२, ७ ला १.०१, १० ला १.२१, आणि २० ला १.९. हे सगळे गेजवर दिसणारे आकडे, समुद्रसपाटीला. पीएसआयवाल्यांनी १४.५ ने गुणावं.

क्रम कायम हाच ठेवा: आधी तापमान पक्कं करा, त्यावरून दाब ठरवा, आणि त्या दाबाला साजेशी नळी लावा. फेस आवरायचं काम नळीचं, रेग्युलेटरचं नव्हे.

शीतकपाट
+१. पण त्याही आधी एक. तो ४ अंशांचा आकडा कुठला? फ्रिजचा असेल तर तो हवेचा आहे, बिअरचा नाही.

फ्रिजमधली हवा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना दर वेळी चार-पाच अंश वरखाली होते, १९ लिटर बिअर मात्र जागची हलत नाही. शिवाय पंखा नसलेल्या फ्रिजमध्ये तळ आणि माथा यांत सहज काही अंशांचा फरक पडतो. बिअर डिप ट्यूबने (केगच्या तळापर्यंत गेलेल्या नळीने) तळातून उचलली जाते, म्हणजे केगमध्ये थंड असते, आणि वर येताना गरम हवेतून जाते.

मोजायची सोपी रीत: सलग दोन ग्लास ओता. दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवा. पहिल्याने नळी, टॅप आणि काच थंड केलेली असते, त्यामुळे दुसरा ग्लास केगमधलं खरं तापमान जवळपास बरोबर सांगतो. रोजच्या नियंत्रणासाठी तापमान-कंट्रोलरचा प्रोब हवेत लटकवू नका. केगच्या अंगाला, अर्ध्या उंचीवर, चिकटपट्टीने बसवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. फरकाची मर्यादा १ अंश ठेवली तर कॉम्प्रेसरही सारखा उठबस करत नाही.

आणखी एक: बाहेरच्या तापमानाचा भरलेला केग आत ठेवल्यावर गाभ्यापर्यंत थंड व्हायला चोवीस तास तरी द्या. बाहेरून पत्रा गार लागला म्हणजे आतली बिअर गार झाली असं नाही.

नळजोडणी
आता नळीकडे या. सव्वा मीटर फार आखूड आहे, आणि हा आकडा कुठून आला असेल ते सांगतो. छापील तक्त्यात ४.८ मिमी विनाइल नळीचा अवरोध मीटरमागे ०.६५ बारच्या आसपास देतात. ०.८ ला त्याने भागलं की उत्तर येतं सव्वा मीटर. गणित बरोबर, तक्ता फसवा. सेकंदाला ६० मिलि या नेहमीच्या प्रवाहाला ४.८ मिमीच्या गुळगुळीत नळीत दाब मीटरमागे साधारण ०.३५ बारच पडतो. म्हणजे तक्त्याच्या जवळपास निम्मा.

त्यामुळे ०.८ बारला अडीच ते तीन मीटर धरा. तीनच घ्या. लांब नळी कापता येते, आखूड वाढवता येत नाही. जास्त झाली तर इतकंच होतं की ग्लास दोन सेकंद उशिरा भरतो. लांबी दुप्पट केली तरी प्रवाह निम्मा होत नाही, साधारण दोन तृतीयांश उरतो. म्हणून लांब नळीला घाबरायचं कारण नाही.

व्यासाचा परिणाम मात्र जबरदस्त. ४.८ ऐवजी ६.४ मिमी घेतलीत तर तेवढ्याच अवरोधाला चौपट लांबी लागेल. उलट ४ मिमीच्या बॅरिअर नळीत दीड-दोन मीटरमध्ये काम होतं, आणि तिच्यातून ऑक्सिजनही आत झिरपत नाही. नवी जोडणी करणाऱ्याने सरळ तीच घ्यावी. उंचीचा हिशोब वेगळा: केगच्या मध्यापासून टॅपपर्यंत दर मीटर चढाला ०.१ बार खर्च होतात. घरगुती फ्रिजमध्ये हे नगण्य.

नळीची गुंडाळी केगच्या माथ्यावर आडवी ठेवा. मागच्या भिंतीला, बर्फ धरणाऱ्या पत्र्याला टेकू देऊ नका.

काठोकाठ
दाब ०.८ वर परत नेला, तीन मीटर नळी मागवतो. पण पहिला ग्लासच जास्त फेसाळ का? आणि नळीत बुडबुडे दिसतात ते नेमके कुठून येतात हे कसं ओळखायचं?

शीतकपाट
पहिला फेसाळ आणि पुढचे बरे, तर दोष टॉवरचा. टॉवरमधली नळी आणि टॅपचं पितळ किंवा स्टील खोलीच्या तापमानाला असतं. ४ अंशांची बिअर २५ अंशांच्या धातूला भिडली की गॅस सुटणारच. उपाय: फ्रिजच्या तळाशी संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवायचा आणि त्याला एक लवचिक पाइप जोडून तो टॉवरमध्ये अगदी टॅपच्या शँकपर्यंत (टॅप जिथे नळीला जोडतो त्या धातूच्या तुकड्यापर्यंत) न्यायचा. थंड हवा वर ढकलली जाते, वापरलेली हवा पाइपच्या बाहेरून खाली येते. परतीची वाट मोकळी ठेवा, नाहीतर पंखा नुसता घोंघावतो. टॉवरच्या आत फोमचं अस्तर दिलं तर उत्तम. याच पंख्याने फ्रिजमधला तळ-माथा फरकही मिटतो.

गेजमास्तर
बुडबुड्यांचं निदान पारदर्शक नळीवरच होतं. टॅप बंद ठेवून तासाभराने बघा.

केगच्या टोकाशी, डिसकनेक्टमधूनच (नळी केगला जोडणाऱ्या टोकातूनच) बुडबुडे निघत असतील तर शक्यता दोन. एक, दाब समतोलापेक्षा कमी आहे. तुमचं हेच होतं. दोन, दाब बरोबर असूनही ओतताना त्या जागी बारीक बुडबुड्यांची धार दिसते. मग लिक्विड पोस्टखाली (केगवरच्या बिअर बाहेर येणाऱ्या तोंडाखाली) डिप ट्यूबची छोटी ओ-रिंग बघा. ती चिरली असेल तर माथ्यावरचा गॅस थेट बिअरच्या वाटेत घुसतो. अशा केगला कितीही नळी लावा, फेस जाणार नाही. पाच मिनिटांचं काम: सगळा दाब सोडा, पोस्ट उघडा, रिंग बदला, अन्नयोग्य सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. पोस्ट उघडलीच आहे तर पॉपेटमध्ये (आतल्या स्प्रिंगच्या झडपेत) हॉप्सचा चोथा अडकलाय का तेही पाहा. अर्धवट अडलेल्या वाटेत दाब एकदम पडतो आणि तिथे फेस होतो.

बुडबुडे टॅपच्या टोकाला जमत असतील तर उष्णता किंवा मळलेला टॅप. नळीच्या मधल्या उंचवट्यावर जमत असतील तर ती गुंडाळी गरम जागी आहे.

यीस्टराव
सगळे ओतण्यावर बोलताहेत, पण मुळात गॅस बरोबर भरला गेलाय का? कार्बोनेट करायच्या पद्धतीवरही बोलू.

सगळ्यात निर्धोक म्हणजे लावा आणि विसरा. बिअर ४ अंशांना आणा, गॅस ०.८२ बारला जोडा, आठ-दहा दिवस हात लावू नका. पूर्ण समतोल यायला दोन आठवडे लागू शकतात. जास्त गॅस भरायची भीती शून्य.

घाईवाल्यांसाठी: ४ अंशांना २ बार, चोवीस तास. मग गॅस बंद, रिलीफ व्हॉल्व्हने माथ्यावरचा दाब सोडा, ०.८२ वर लावा, दोन-तीन दिवस बसू द्या. इथे लोक छत्तीस-अठ्ठेचाळीस तास विसरतात आणि मग फेसाच्या तक्रारी घेऊन येतात.

हलवून भरायचं असेल तर २ बारला हलवू नका, कुठे थांबायचं ते कळत नाही. ०.८२ वरच ठेवून केग आडवा घ्या, गॅसची पोस्ट वर राहील असा, आणि पुढे-मागे लोळवा. रेग्युलेटरमधून गॅस जाताना सूं आवाज येतो. तो थांबला की समतोल झाला. दाब मुळातच योग्य असल्याने जास्त भरला जाऊच शकत नाही. गॅसच्या वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर बिअर रेग्युलेटरमध्ये शिरेल. तळाचा गाळ ढवळला जातो हा मोठा तोटा. नंतर दोन दिवस निवळू द्यावं लागतं, मग वाचलेला वेळ कुठे गेला?

आणखी एक वाट, माझ्या मते सर्वात सुबक: किण्वन संपत आलं असताना, गुरुत्व (बिअरची घनता) शेवटच्या आकड्यापेक्षा तीन-चार अंक वर असताना स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबावरचा जादा गॅस सोडणारी झडप) लावून यीस्टचाच गॅस कोंडायचा. २० अंशांना १.९ बार ठेवले की थंड केल्यावर २.५ व्हॉल्यूम मिळतात. भांडं त्या दाबासाठी बनवलेलं असलंच पाहिजे आणि रिलीफ व्हॉल्व्ह चालू असला पाहिजे. काचेचा कारबॉय किंवा साधी बादली यांच्या जवळपासही हा प्रयोग नको.

तळगाळ
दगड विसरलात. अर्धा किंवा दोन मायक्रॉनचा स्टीलचा कार्बोनेशन स्टोन लावला तर काम तासांवर येतं. मात्र दगड ओला असताना त्यातून गॅस निघायलाच काही दाब लागतो. तो आधी पाण्यात मोजायचा: पाण्यात बुडवून दाब हळूहळू चढवा, पहिला बुडबुडा निघतो तो आकडा लिहून ठेवा. समतोलाच्या दाबात तो मिळवायचा, वर द्रवाच्या उंचीचे मीटरला ०.१. हे न करता "०.८ ला लावला तरी गॅस चढत नाही" अशी ओरड असते. दगडाला बोटाने हात लावू नका, तेलकटपणाने छिद्रं बुजतात.

काठोकाठ
आत्ता माझ्या केगमध्ये नेमका किती गॅस उरलाय हे घरी मोजता येतं का?

गेजमास्तर
येतं. बॉल-लॉक डिसकनेक्टवर बसवलेला छोटा गेज घ्या. गॅस काढा, माथ्यावरचा दाब सोडा, गेज लावा, केग जोरात हलवा, काटा स्थिर होईपर्यंत. तो दाब आणि बिअरचं तापमान तक्त्यात टाकलं की व्हॉल्यूम हातात. ४ अंशांना ०.६ बार आलं तर २.२ व्हॉल्यूम, ०.७४ आलं तर २.४, ०.९७ आलं तर २.७. केग भरलेला असताना हे नेमकं येतं. अर्ध्याहून जास्त रिकामा असेल तर हलवताना बराच गॅस माथ्यावर निघून येतो आणि आकडा कमी भासतो.

रेग्युलेटरच्या गेजवर फार विसंबू नका. ४ बारपर्यंतच्या स्वस्त गेजमध्ये ०.१ चा फरक सहज लपतो.

जास्त भरला गेला असेल तर गॅस तोडा, रिलीफ व्हॉल्व्ह ओढा, तासाभराने पुन्हा ओढा. असं करत राहा. माथ्यातून फेस वर यायला लागला तर थांबा. अधूनमधून वरच्या रीतीने मोजा.

हॉपचंद
सर्व्हिंग तापमानाचं काय? स्टाउट ४ अंशांना प्यायची म्हणजे चवीला कुलूप. १० अंशांना केग ठेवला तर?

शीतकपाट
ठेवा, पण दाब तसाच ठेवून नव्हे. ४ अंशांना ०.८२ वर समतोल असलेला केग १० अंशांच्या फ्रिजात नेला आणि रेग्युलेटर तिथेच सोडला तर बिअर हळूहळू २.०५ व्हॉल्यूमच्या आसपास उतरते. तिथे पोचेपर्यंत सुटणारा गॅस फेसच देत राहतो. सुदैवाने स्टाउटला २.० शोभतंच: १० अंशांना त्यासाठी ०.७८ बार. म्हणजे स्टाउटचा केग सुरुवातीपासून १० अंशांना, ०.७८ वर कार्बोनेट केला तर सगळं जुळतं.

ढोबळमानाने पिण्याचं तापमान: पिल्सनर आणि हलक्या लागर ४ ते ७, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट-पोर्टर आणि तगड्या बिअर १० ते १३. पण एकाच फ्रिजात तीन टॅप असतील तर तीन तापमानं मिळणार नाहीत. मग सगळे केग ३-४ अंशांना ठेवा, व्हॉल्यूम प्रत्येकाच्या वेगळ्या रेग्युलेटरने सांभाळा, आणि स्टाउट ग्लासात दहा मिनिटं थांबू द्या. थंड बिअर गरम करता येते. गरम बिअर नीट ओतता येत नाही.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्यांना दंडवत. काचेवरचे बर्फाचे कण म्हणजे गॅस सुटायला हजारो जागा. थंड पाण्याने विसळलेला ओला ग्लास घ्या, बस.

नळजोडणी
गव्हाची बिअर कोणी लावणार असेल तर आत्ताच सांगतो: ३.५ व्हॉल्यूमला ४ अंशांवर १.५५ बार लागतात. त्याच टॅपवर पेल एलची तीन मीटर नळी चालणार नाही. ४.८ मिमीची पाच मीटर तरी द्या, किंवा फ्लो-कंट्रोल टॅप (प्रवाह कमी-जास्त करायची दांडी असलेला) बसवा. फ्लो-कंट्रोलची दांडी मात्र पूर्ण बंदच्या जवळ नेऊ नका. एकाच जागी सगळा दाब पाडला की तिथेच फेस होतो. नळीने तो हळूहळू पाडणं केव्हाही सौम्य.

आणि टॅपची मूठ नेहमी एका झटक्यात पूर्ण उघडा. "फेस येतोय" म्हणून अर्धी धरली की टॅपमधली फटच फेस बनवते. ग्लास ४५ अंशांत तिरका, टॅपचं तोंड बिअरमध्ये बुडू न देता, दोन तृतीयांश भरला की सरळ. वर दोन-अडीच सेंटिमीटर फेस हवाच.

हॉपचंद
नायट्रो स्टाउटसाठी तीच सीओटूची टाकी चालेल का?

तळगाळ
नाही. त्यासाठी ७५ टक्के नायट्रोजन, २५ टक्के सीओटू असं मिश्रण लागतं, दाब २ ते २.४ बार, आणि बारीक भोकांची चकती असलेला स्टाउट टॅप. बिअरला फक्त सीओटूचा वाटा दिसतो: २.४ गेज म्हणजे निखळ दाब ३.४, त्याचा पाव ०.८५, त्यातून ४ अंशांना साधारण १.२ व्हॉल्यूम. नायट्रो स्टाउटला नेमकं तेवढंच हवं असतं. आधीच २.५ ला भरलेली बिअर या टॅपला जोडलीत तर ग्लासभर शेव्हिंग क्रीम मिळेल.

हेच गणित लांब लाइनच्या बारमध्ये उलट वापरतात. बिअरला ०.८२ पुरतात, पण ढकलायला १.५ लागतात. (०.८२ + १.०१) भागिले (१.५ + १.०१) म्हणजे ०.७३. साधारण ७० टक्के सीओटूचं मिश्रण लावलं की बिअर पोचतेही आणि जास्त गॅस पीतही नाही. शुद्ध सीओटू १.५ ला लावून ठेवला तर केग संपेपर्यंत शेवटचे ग्लास फेसाळ होणारच.

यीस्टराव
उंचावर राहणाऱ्यांसाठी दुरुस्ती राहिली. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. १,५०० मीटर उंचीवर हवेचाच दाब ०.१७ बारने कमी, म्हणून तक्त्यातल्या आकड्यात तेवढे मिळवा. ०.८२ चे ०.९९ होतात. नळीही त्या प्रमाणात वाढवा.

काठोकाठ
नळी बसवली, पंखा लावला. फेस ताब्यात आहे. आता पारदर्शक नळीच्या आत पिवळट थर दिसतोय. तो असा कितीदा काढायचा?

तळगाळ
दर दोन आठवड्यांनी, किंवा निदान प्रत्येक केग बदलताना. थर खरखरीत असतो, आणि खरखरीत जागी बुडबुडे धरतात, म्हणजे पुन्हा फेस. बिअर लाइनसाठीचं कॉस्टिक द्रावण, २ ते ३ टक्के, कोमट पाण्यात (२७ ते ४३ अंश), छोट्या पंपाने पंधरा मिनिटं फिरवा. पंप नसेल तर वीस मिनिटं भरून ठेवा. मग थंड पाणी, निघणाऱ्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत. टॅप सुटा करून ब्रशने घासा. दर तीन महिन्यांनी आम्लाचा एक फेरा, खनिजांचा दगडी थर कॉस्टिकने जात नाही म्हणून. हातमोजे आणि चष्मा घाला. कॉस्टिक, आम्ल आणि क्लोरीन कधीही एकमेकांत मिसळू देऊ नका, मधे भरपूर पाणी.

कॉस्टिक सीओटूने ढकलू नका, गॅस त्यात शोषला जाऊन द्रावणाचा जोर जातो. आणि सीओटू भरलेल्या बंद टाकीत कॉस्टिक सोडलं तर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी चेपू शकते.

गेजमास्तर
पुढचा प्रश्न येणारच म्हणून आधीच: सीओटूच्या टाकीत किती गॅस उरला ते वरच्या मोठ्या गेजवर कळत नाही. आत द्रव सीओटू असेपर्यंत २० अंशांना काटा ५७ बारवरच राहतो, फ्रिजात ४ अंशांना ३९ च्या आसपास. काटा खाली यायला लागला म्हणजे द्रव संपला, शेवटचा गॅस चालू आहे. टाकी वजन करून बघा. रिकामं वजन मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा करा. १९ लिटरच्या केगला भरणं आणि ढकलणं मिळून १३० ते १६० ग्रॅम, केग पर्ज करायचा (आतली हवा हुसकायचा) गॅस वेगळा.

त्याहून लवकर संपत असेल तर गळती. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगपासून सुरुवात करा. बॉल-लॉकची झाकणं ०.८ ला कधीकधी नीट बसत नाहीत. आधी २ बार देऊन बसवा, मग दाब उतरवा. टाकी उभी आणि साखळीने बांधलेली हवी. बंद, लहान खोलीत ठेवणार असाल तर सीओटूचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

हॉपचंद
वाचनखूण साठवली. एकच शेवटचं: केगमधून बाटली किंवा ग्राउलर (बिअर न्यायची मोठी बाटली) भरताना गॅस उडतो, त्यावर?

नळजोडणी
ग्राउलर फ्रिजात केगइतका गार करा, दाब तोच ठेवा, टॅपच्या तोंडात घट्ट बसणारी नळी ग्राउलरच्या तळापर्यंत न्या. आधी त्याच नळीने थोडा सीओटू सोडून आतली हवा काढा. टॅप पूर्ण उघडा, फेस तोंडाशी येईपर्यंत भरा, फेसावरच झाकण लावा. दोन दिवसांत संपवा. दाब टिकवणारं झाकण असेल तर आठवडाभर चालतं.